गारांचा पट्टा आणि सरासरीचा न्याय

बर्फाशी मराठवाड्याचा एरवीचा संबंध उन्हाळ्यातल्या रसवंतीत भुशाखाली झाकून ठेवलेल्या लादीपुरता. अहमदपूर, उदगीर, चाकूर या भागातील बालाघाटाच्या पठारावर पौष-माघात पहाटे शेकोट्या पेटतात, शाळेच्या आवारात मुले कोवळ्या उन्हाची जागा धरून उभी राहतात, आणि थंडी हरभऱ्याला मानवली म्हणून शेतकरी समाधान मानतो. थंडी हे येथे संकट नाही. रब्बीचे ते भांडवल आहे. म्हणूनच या प्रदेशावर जेव्हा आकाशातून बर्फच कोसळले, आणि तेही एखाद्या दुपारी नव्हे तर दोन-अडीच आठवडे थांबून-थांबून कोसळत राहिले, तेव्हा त्याला तोंड कसे द्यावयाचे याची कोणतीही रीत समाजाजवळ नव्हती आणि शासनाजवळही नव्हती.

२०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली ती गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत चालली. लातूर, नांदेड, बीड, परभणी, तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, शेजारचा सोलापूर, तिकडे नाशिक आणि नगर, शिवाय विदर्भाचा मोठा भाग असे राज्यातील बहुसंख्य जिल्हे तिच्या तडाख्यात सापडले. वळिवाच्या पावसाबरोबर पाच-दहा मिनिटे गारा पडाव्यात, मुलांनी त्या वेचून तोंडात टाकाव्यात, एवढाच ज्यांचा अनुभव, त्यांनी शिवारेच्या शिवारे पांढरी झालेली पाहिली. शहरातल्या माणसांना ती छायाचित्रे पाहून काश्मीर आठवले. परंतु त्या पांढऱ्या थराखाली घाटे भरलेला हरभरा होता, ओंब्यांवर आलेला गहू होता, दाणा पक्का होत असलेली ज्वारी होती. द्राक्षे आणि डाळिंबे फुटून पडली, आंब्याचा मोहर झडला, पक्षी आणि जनावरे मेली, काही माणसेही दगावली. त्यानंतर २०१८ च्या फेब्रुवारीत मराठवाड्याने व विदर्भाने पुन्हा गारा पाहिल्या. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्येही पाहिल्या. एकदा घडलेला अपवाद म्हणून हा विषय सोडून देता येईल अशी परिस्थिती आता राहिलेली नाही.

जेथे बर्फ दरवर्षी पडते तेथील समाज त्याच्याशी कसा जुळवून घेतो, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौलचे खोरे रोहतांगची खिंड बंद झाली की वर्षाचे पाच-सहा महिने बाहेरच्या जगापासून तुटत असे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा खुला झाल्यावर ती स्थिती पालटली. पण त्याआधीच्या पिढ्यान्‌पिढ्या तेथील माणूस त्या बंदिवासात जगला, तो केवळ अंगच्या चिवटपणावर नव्हे. उन्हाळ्यात कापून वाळविलेला चारा घराच्या माथ्यावर रचलेला असे, सरपण रचलेले असे, धान्य भरलेले असे, भाजीसुद्धा वाळवून ठेवलेली असे. संकटाला तेथे तिथी होती. तिथी असली की तयारी होते, तयारीची रूढी बनते, आणि रूढी बनली की ती न पाळणाऱ्याला शेजारी जाब विचारतो. बर्फाळ प्रदेशांतील समाजांचे सामर्थ्य बर्फ पडल्यावर ते काय करतात यापेक्षा बर्फ पडण्याआधी त्यांनी काय ठरवून ठेवलेले असते, यात असते.

मराठवाड्यातही एका संकटाच्या बाबतीत अशी जाणीव आहे. ते संकट म्हणजे दुष्काळ. १९७२ च्या दुष्काळाने खडी फोडण्याची कामे दिली, आणि त्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, जो १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला. चारा छावणी, टँकर, पैसेवारी हे शब्द येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा ती व्यवस्था काही दिवसांत उभी राहू शकली, कारण दुष्काळ म्हणजे काय आणि त्यात कोणी काय करावयाचे याविषयी एक सामायिक समज आधीपासून होती. गारपिटीविषयी अशी समज नाही. तिला दुष्काळाचेच माप लावले जाते, आणि येथेच मूळ चूक होते.

दोन संकटांचे दोन स्वभाव

दुष्काळ आणि गारपीट ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने परस्परविरुद्ध स्वभावाची संकटे आहेत. दुष्काळ हळू येतो, पसरून येतो आणि सर्वांवर एकाच वेळी येतो. पाऊस हुकला तर तो एका गटाचा हुकत नाही. साऱ्या तालुक्याचा, पुष्कळदा साऱ्या जिल्ह्याचा हुकतो. अशा वेळी शेजाऱ्याकडे मागावे तर शेजारीही रिकामाच असतो. गावातल्या गावात उसनवारी करून दुष्काळ निभावता येत नाही. मदत बाहेरूनच, म्हणजे राज्याकडून किंवा राष्ट्राकडून, यावी लागते.

गारपिटीचे तसे नाही. वायव्येकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांबरोबरची कोरडी, थंड हवा आणि दोन्ही समुद्रांवरून आलेली दमट, उष्ण हवा यांची गाठ फेब्रुवारी ते एप्रिलच्या काळात मध्य भारतावर पडते. त्यातून गडगडाटी ढगांचे उंच मनोरे उभे राहतात. ढगातील वर चढणारा वारा पाण्याचे थेंब गोठणपातळीच्या वर नेतो. तेथे त्यांच्यावर बर्फाचा थरावर थर चढतो, आणि वाऱ्याला तो भार पेलेनासा झाला की गार खाली येते. हा ढग जसा सरकतो तसा खाली गारांचा एक पट्टा उमटतो. पट्टा कित्येक मैल लांब असेल, पण त्याची रुंदी बहुधा थोडी असते. त्यामुळे एकाच गावात ओढ्याच्या अलीकडचा हरभरा मातीत मिसळतो आणि पलीकडचा जसाच्या तसा उभा राहतो. एका बांधावर दोन भाऊ असतील, तर एकाचे सर्वस्व जाते आणि दुसऱ्याचे पान हलत नाही. माणूस उघड्यावर सापडला तर गार त्याचाही जीव घेते. १८८८ च्या ३० एप्रिलला मुरादाबाद परिसरातील गारपिटीत २४६ माणसे मेली, अशी जागतिक हवामान संघटनेची नोंद आहे. पण तो कहरही एका परिसरापुरताच होता.

या स्वभावभेदाचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. दुष्काळात शेजारी मदत करू शकत नाही; गारपिटीत तो करू शकतो. ज्याचे पीक उभे आहे असा माणूस त्याच गावात, त्याच सोसायटीत, पुष्कळदा त्याच भावकीत असतो. शिवाय गार कोणाच्या शेतावर पडावी हे कोणाच्या आळसावर किंवा हुशारीवर अवलंबून नसते. पीक हलक्या मशागतीमुळे गेले की निसर्गामुळे, हा वाद येथे उद्‌भवत नाही. सर्वांना सारखा धोका, एका वेळी थोड्यांचे नुकसान, आणि नुकसानीत लबाडीला कमी वाव या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे परस्पर विमा सर्वांत सुलभ होतो, हा विमाशास्त्राचा प्राथमिक धडा आहे.

युरोपातील शेतकऱ्यांनी तो फार लवकर ओळखला. जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात, नॉयब्रांडेनबुर्ग या गावी, १७९७ साली जमीनधारकांनी एकत्र येऊन गारपिटीपुरती परस्पर विमा संस्था काढली. त्या वेळी पेशवाई अद्याप बुडाली नव्हती. स्वित्झर्लंडच्या शेतकऱ्यांची गारपीट विमा सहकारी संस्था १८८० सालची. ती आजही चालू आहे. दुष्काळाचा किंवा महापुराचा विमा उतरविण्याचे धाडस ज्या काळात कोणी करीत नव्हते, त्या काळात गारांचा विमा शेतकरी आपसांत उतरवीत होते. संकट अवघड असूनही त्याचा आकार सहकाराला झेपणारा होता, हेच त्याचे कारण.

सरासरीत हरवलेला शेतकरी

भारतात पीकविम्याचा विचार वेगळ्या वाटेने गेला, आणि त्या वाटेचा नकाशा काढण्यात एका मराठी अर्थशास्त्रज्ञाचा वाटा फार मोठा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली असा विचार मांडला की, प्रत्येक शेताचे नुकसान स्वतंत्रपणे मोजणे लक्षावधी लहान खातेदारांच्या या देशात परवडणारे नाही. म्हणून एका सारख्या क्षेत्राचे सरासरी उत्पादन मोजावे, आणि ते उंबरठ्याखाली गेले तर त्या क्षेत्रातील सर्वच विमाधारकांना भरपाई द्यावी. १९७९ चा प्रायोगिक विमा, १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना या साऱ्यांच्या मुळाशी हे क्षेत्र-सरासरीचे तत्त्व आहे. दुष्काळासाठी ते शहाणपणाचेच होते. साऱ्या मंडळाचे पीक एकदम बुडते तेव्हा सरासरी खरे बोलते.

गारपिटीत मात्र सरासरी खोटे बोलते. महसूल मंडळातील वीस गावांपैकी दोन गावांचा हरभरा झोडपला गेला आणि अठरा गावांचा उत्तम आला, तर मंडळाची सरासरी जवळजवळ चांगलीच निघते. पीक कापणीचे प्रयोग ज्या भूखंडांवर होतात ते पट्ट्याबाहेर असले तर झोडपल्या गेलेल्या दोन गावांचा कागदावर मागमूसही उरत नाही. ही अडचण ओळखूनच २०१६ च्या योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीसाठी वेगळी सोय होती. शेतकऱ्याने ७२ तासांत सूचना द्यावयाची आणि त्याच्या शेताची स्वतंत्र पाहणी व्हावयाची. पाहणीला उशीर, सूचना नोंदविण्यातील अडथळे, विमा कंपन्यांशी वाद, असे तिचे दोष अनेक होते. पण तत्त्व योग्य होते. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा देण्याचा प्रयोग झाला. बोगस अर्जांच्या तक्रारी आणि खर्चाचा भार यांमुळे तो २०२५ साली बंद करण्यात आला, आणि त्याच वेळी भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीपुरता मर्यादित करण्यात आला. लबाडी रोखण्यासाठी केलेल्या या उपायात गारपीटग्रस्ताची वाटच बुजली. ज्या संकटात लबाडीला सर्वांत कमी वाव, त्याच संकटातला शेतकरी या बदलाने सर्वांत अधिक उघडा पडला.

उरते ती सरकारी मदत. राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत गारपीट आहे. हिमस्खलन आहे, आणि २०१२ पासून थंडीची लाटही आहे. पूर्वी निम्म्याहून अधिक पीक गेल्याशिवाय मदत मिळत नसे; २०१५ साली ही अट ३३ टक्क्यांवर आणली गेली, ही सुधारणा निश्चितच स्वागतार्ह होती. तथापि ३३ टक्के हाही एक कडाच आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्या संयुक्त पंचनाम्यात एका शेताचे नुकसान ३४ टक्के आणि शेजारच्याचे ३२ टक्के ठरले, तर एकाला मदत मिळते आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही. पदनामे आता बदलली आहेत. तलाठी हा ग्राम महसूल अधिकारी झाला आहे. पण नजरअंदाजाने टक्के ठरविण्याचे ओझे त्याच्या खांद्यावरून उतरलेले नाही. २०२२ साली सुधारलेल्या केंद्रीय निकषांनुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये ठरले, म्हणजे एकरी साडेतीन हजारांच्या आतच. बियाणे, खत, फवारणी आणि काढणीची मजुरी ज्याने हातातून खर्चिली आहे त्याच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे सांत्वनाचे पत्र होय.

याहून गंभीर गोष्ट अनिश्चिततेची. २०१४ ची गारपीट चालू असतानाच, ५ मार्चला, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली. मदतीच्या निर्णयाला निवडणूक आयोगाच्या अनुमतीचा प्रश्न जोडला गेला, आणि मार्चच्या उत्तरार्धात राज्याने सुमारे ४,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. रक्कम लहान नव्हती. परंतु संकट कोसळल्यावर जाहीर होणारी मदत कितीही मोठी असली तरी ती घोषणा असते, करार नसतो. घोषणेच्या भरवशावर मुलीचे लग्न ठरविता येत नाही, मुलाच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचे पैसे बाजूला काढता येत नाहीत आणि सावकाराला महिनाभर थांबविता येत नाही. फेब्रुवारी-मार्च हा लग्नसराईचा, परीक्षांचा आणि सोसायटीचे कर्ज नवे-जुने करण्याचा काळ असतो. गार नेमकी त्याच दिवसांत पडते.

सातबाऱ्याबाहेरची माणसे

शिवाय या साऱ्या व्यवस्थेला एकच दरवाजा आहे, तो सातबाऱ्याचा. जमीन ज्याच्या नावावर, नुकसान त्याचे, असे तिचे गृहीतक. बटाईने शेत करणारा त्यात बसत नाही. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावरची जमीन वर्षानुवर्षे कसणारी बाई बसत नाही. आणि मजूर तर कोठेच बसत नाही. हरभरा उपटणे, ज्वारी काढणे, कणसे खुडणे, गहू काढणे या चार-सहा आठवड्यांच्या सुगीत मजुराच्या घरात वर्षाचा मोठा पैसा आणि वर्षाची ज्वारी येते. पीक झोपले की ही सुगीच नाहीशी होते. त्या घराचे शेत बुडालेले नसते, कारण शेतच नसते. म्हणून त्याचा पंचनामाही होत नाही. गारा ओसरल्यावर पाटी आणि सूप घेऊन चिखलातले घाटे वेचणाऱ्या बाया प्रत्येक झोडपलेल्या शिवारात दिसतात. आर्थिक भाषेत बोलावयाचे तर त्या वेळी गारपिटीशी सामना करणारी ती एकमेव संघटित यंत्रणा असते. कडबा काळा पडून कुजला की पुढच्या चार महिन्यांत जनावरे बाजाराला लागतात, आणि दूध विकून चाललेले घरही उघडे पडते. मग पुण्याचा किंवा हैदराबादचा रस्ता धरला जातो.

म्हणजे तडाखा एका पट्ट्यावर बसतो, पण त्याचे तरंग त्या पट्ट्यातल्या सर्वांत दुबळ्या घरापर्यंत जातात. आणि मदत मात्र कागद असलेल्या घरापाशी थांबते. कोणतीही नवी व्यवस्था उभी करावयाची तर ती या दोन्ही टोकांचा विचार करून उभी केली पाहिजे.

गावाचा निधी, तालुक्याचा आधार

मराठवाड्याच्या खेड्याला परस्पर साहाय्य परके नाही. इर्जिकेला दहा-वीस औते एकाच्या शेतात जुंपली जात आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवणे होत. सावडीने पेरणी-काढणी होत असे. नोकरदारांची भिशी, शिक्षकांची पतसंस्था, बायांचा बचत गट ही त्याच वृत्तीची आजची रूपे. ज्या महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर प्रवरानगरला साखर कारखाना उभा केला, त्या महाराष्ट्रात शेतकऱ्यांची एखादी गारपीट सहकारी विमा संस्था असू नये, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

अशा संस्थेचे गणित अगदीच अवघड नाही. समजा, एका गावात ४०० खातेदार आहेत, प्रत्येकाचे सरासरी चार एकर रब्बीखाली आहे आणि प्रत्येकाने एकरी १०० रुपये वर्गणी द्यावयाची आहे. गावाचा निधी वर्षाला १ लाख ६० हजार रुपये होईल. गारांचा पट्टा ८० एकरांवरून गेला आणि एकरी ४,००० रुपये द्यावयाचे ठरले, तर ३ लाख २० हजार लागतील, म्हणजे दोन वर्षांची वर्गणी. गाव एकटे असेल तर ते एका फटक्यात डगमगेल. पण अशा १०० गावांचा तालुका एकत्र आला तर वर्षाचा निधी १ कोटी ६० लाख होतो. पट्टा पाच-सहा गावांतून जाऊन २,००० एकर झोडपले, तरी द्यावयाची रक्कम ८० लाख, म्हणजे वर्षाच्या वर्गणीच्या निम्मी. जेथे गाव कोलमडते तेथे तालुका सहज उभा राहतो.

आणि २०१४ सारखे वर्ष आले तर? तेव्हा २०,००० एकर झोडपले गेले असे धरले, तर ८ कोटी लागतील. तालुक्याची पाच वर्षांची कमाई एका महिन्यात संपेल. दोन आठवडे चाललेल्या गारपिटीला कोणताही स्थानिक निधी पुरा पडणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. येथे राज्याची जागा आहे. तालुक्याच्या निधीचा ठरावीक वाटा खर्च झाला की पुढचा सारा भार राज्याने उचलावयाचा, असा करार आधीच झालेला असावा. लहान वर्षांचा भार शेजाऱ्यांनी वाहावा, मोठ्या वर्षांचा राज्याने. यात राज्याची जबाबदारी कमी होत नाही. उलट घोषणेच्या जागी तिला कायदेशीर रूप येते. ‘शेतकऱ्यांनीच आपसांत भागवावे’ असा पळवाटेचा अर्थ या सूचनेतून कोणी काढला, तर तो साफ चुकीचा ठरेल.

दुसरा आक्षेप विश्वासाचा आहे, आणि तो हलका नाही. बुडालेल्या पतसंस्था आणि जिल्हा बँकांचे अनुभव मराठवाड्यात घरोघरी आहेत; ‘सहकार’ या शब्दावर आज अनेकजण खिन्नपणे हसतात. परंतु पतसंस्था बुडाल्या त्या कर्जवाटपात. गारपीट निधीने कोणालाही कर्ज द्यावयाचे नाही, इमारत बांधावयाची नाही, कारखान्यात पैसा गुंतवावयाचा नाही. सरकारी रोख्यांत रक्कम ठेवावी आणि गारा पडल्यावर ठरलेल्या दराने ती वाटावी, एवढेच त्याचे काम. हिशेब दर ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. जे काम थोडे असते त्यात लपवायलाही थोडेच असते. वर्गणीच्या एकपंचमांश भागाचा वाटा बटाईदार आणि मजूर कुटुंबांसाठी राखून ठेवावा, आणि त्यांची यादी सातबाऱ्यावरून नव्हे तर ग्रामसभेने करावी. ज्यांच्या हातांनी पीक घरात येते त्यांना वगळून गावाचा विमा होऊ शकत नाही.

शाळेच्या छपरावरची मोजणी

राहिला प्रश्न मोजणीचा. दांडेकरांपुढेही मुख्य अडचण हीच होती. गार पडली किती, कोठे, केवढी? महसूल मंडळांत बसविलेली स्वयंचलित हवामान केंद्रे पाऊस, वारा, तापमान आणि आर्द्रता मोजतात. त्यांतून गारांचा पट्टा कोणत्या बांधावरून गेला हे कळत नाही, आणि पर्जन्यमापकात पडलेली गार वितळली की ती पाऊसच होते. यावर जगात एक अतिशय स्वस्त तोड निघाली आहे. थर्मोकोलसारख्या पदार्थाची वीतभर-दीड वीत रुंदीची पाटी, तिच्यावर अॅल्युमिनियमचा पातळ कागद. ती उघड्यावर आडवी बसवावयाची. गार आपटली की खळगा पडतो, आणि खळग्यांची संख्या व व्यास यांवरून गारांचा मारा किती होता याचा अंदाज करता येतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात १९९८ साली सुरू झालेल्या लोकसहभागाच्या हवामान-नोंदणीत सामान्य नागरिक, विद्यार्थी आणि शिक्षक अशा पाट्या अंगणात लावतात. पाऊस, गारा आणि हिम या तिन्हींची मोजणी तेथे घरोघरी होते.

मराठवाड्यात गावोगावी जिल्हा परिषदेची शाळा आहे. शाळेच्या छपरावर एक, वाड्या-तांड्यांवर एकेक आणि शिवाराच्या चार कोपऱ्यांना चार पाट्या लावल्या, तर गावाचा गारांचा नकाशा दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होऊ शकतो. पाटीवरचा खळगा म्हणजे पिकाचे नुकसान नव्हे, हे खरे; घाटे भरलेल्या हरभऱ्याला जी गार मारते ती कोवळ्या गव्हाला कदाचित मारणार नाही. पण पट्टा कोठून गेला याचा वाद तरी मिटेल, आणि पंचनाम्याला नजरअंदाजाऐवजी पुरावा मिळेल. वरिष्ठ महाविद्यालयांतील भूगोल, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. पुस्तकातून उतरविलेल्या प्रकल्पापेक्षा हे काम अधिक कठीण आणि अधिक उपयोगाचे आहे. सोसायटीचे हिशेब ठेवण्याचे ज्ञान गावातल्या आणि तालुक्याच्या कार्यालयांतल्या लिपिकवर्गाजवळ आहे. प्रत्येक आपत्तीत एक दिवसाचा पगार कापून देणारा शिक्षक आणि कर्मचारी आपले कर्तव्य करतोच. पण त्या एका दिवसाच्या पगारापेक्षा त्याचे एका आठवड्याचे कौशल्य गावाला अधिक काळ पुरेल.

हवामानतज्ज्ञ पुढची गारपीट काही दिवस, पुष्कळदा काही तासच आधी सांगू शकतात; वर्ष आधी कोणीही सांगू शकत नाही. लाहौलच्या माणसाला हिवाळ्याची तिथी ठाऊक असते, मराठवाड्याच्या शेतकऱ्याला गारांची नसते. पण जे संकट तिथी सांगून येत नाही त्याच्यासाठी तयारीची तिथी माणसालाच ठरवावी लागते, आणि ती मार्चमध्ये ठरवून चालत नाही. रब्बीची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. आकाश तेव्हा निरभ्र असते, कोणाचे पीक जाणार आणि कोणाचे राहणार हे कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणूनच सर्वजण सारख्याच हिशेबाने वर्गणी द्यावयाला राजी होऊ शकतात. गारा पडून गेल्यावर ज्याचे उभे आहे तो वर्गणी देत नाही आणि ज्याचे झोपले आहे त्याच्याजवळ द्यावयाला काही नसते. वर्गणी ठरविण्याची ग्रामसभा म्हणूनच तिफण शेतात उतरण्यापूर्वी व्हावयास हवी.